बीटल्स क्रमाने कसे ऐकावेत: १९६३ ते १९६९ मधला बदल कानाने पकडण्याची पद्धत

बीटल्स ऐकायला बसलेल्या माणसाचं घोडं बहुतेक वेळा दोनपैकी एका ठिकाणी अडतं. कुणी हिट गाण्यांची यादी शफलवर लावतो आणि आठवड्याने म्हणतो, "गोड गाणी आहेत, पण लोक एवढं काय डोक्यावर घेतात?" कुणी ऐकीव माहितीवर थेट 'सार्जंट पेपर' हा अल्बम लावतो आणि अर्ध्यातच सोडून देतो. दोघांच्याही कानांत दोष नाही. १९६३ चं गाणं संपल्यावर लगेच १९६९ चं लागलं, तर दोन्ही वेगळी आहेत एवढंच कळतं. एकातून दुसरं कसं निघालं हे कळायला मधल्या पायऱ्या लागतात, आणि त्या हिट गाण्यांच्या यादीत सहसा नसतात. बऱ्याचशा एखाद्या सिंगलच्या (दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूला पडून असतात.

या पायऱ्या कोणत्या आणि कशा चढायच्या, ते खाली टप्प्याटप्प्याने दिलं आहे. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार ही चार नावं माहीत असली की पुरे. नोटेशन, कॉर्ड यातलं काहीही येण्याची गरज नाही. बँड असताना निघालेले अल्बम आणि सिंगल मिळून दहा तासांच्या आसपासच भरतात. एवढा वेळ कुणालाही काढता येतो.

## टप्पा १: आवृत्ती आधी ठरवा

पहिली चूक इथेच होते. एकाच नावाचा अल्बम, पण गाणी वेगळी. साठच्या दशकात अमेरिकेत कॅपिटल कंपनीने ब्रिटिश अल्बमांची मोडतोड करून, गाणी काढून-घालून स्वतःच्या रेकॉर्डी काढल्या. अमेरिकी 'रिव्हॉल्व्हर'मध्ये लेननची तीन गाणी नाहीतच, त्यामुळे तो अल्बम मॅकार्टनी आणि हॅरिसनचाच वाटतो. अमेरिकी 'रबर सोल'ची सुरुवातच वेगळ्या गाण्याने होते. बदल ऐकायचा असेल तर ब्रिटिश अल्बमच घ्या. १९८७ मध्ये सीडी निघाल्यापासून तेच प्रमाण धरले जातात. अपवाद 'मॅजिकल मिस्टरी टूर'चा. तो ब्रिटनमध्ये दोन छोट्या रेकॉर्डींच्या संचात निघाला होता, पण आज सगळीकडे अमेरिकी लाँग-प्ले रूपातच मिळतो. तो तसाच घ्या.

यापेक्षा मोठी चूक सिंगल वगळण्याची आहे. सिंगल म्हणून निघालेलं गाणं अल्बममध्ये पुन्हा घालायचं नाही, अशी त्या वेळी ब्रिटनमध्ये बरीचशी पद्धत होती. त्यामुळे 'शी लव्ह्ज यू', 'रेन', 'हे ज्यूड' ही गाणी कुठल्याच मूळ ब्रिटिश अल्बमात नाहीत. ती 'पास्ट मास्टर्स' या संग्रहात एकत्र मिळतात. तो सोडून नुसते अल्बम ऐकलेत तर गोष्टीतली निम्मी वळणं गाळली जातील.

तिसरी बाब रीमिक्सची. २०१७ पासून बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याचा मुलगा जाइल्स मार्टिनने 'सार्जंट पेपर', 'व्हाइट अल्बम', 'ॲबी रोड', 'लेट इट बी' आणि 'रिव्हॉल्व्हर' नव्याने मिक्स केले आहेत. ऐकायला ते छान आहेत. पण त्यांत १९६६ चा बास (खालच्या सुरांची गिटार) आजच्यासारखा गुबगुबीत लागतो, आणि १९६५ ते १९६६ मध्ये आवाजात जो फरक पडला तोच पुसट होतो. पहिल्या फेरीला २००९ चे रीमास्टर, म्हणजे मूळ मिक्सच साफ करून काढलेल्या आवृत्त्या, लावा, रीमिक्स नंतर ऐका.

तपासा: 'रिव्हॉल्व्हर'मध्ये चौदा गाणी आहेत ना? अकराच असतील तर ती अमेरिकी आवृत्ती आहे.

## टप्पा २: फोन आणि कान नीट लावून घ्या

हा टप्पा कंटाळवाणा वाटेल, पण तो टाळलात तर पुढचं सगळं फुकट जाईल.

सुरुवातीचे दोन अल्बम दोनच ट्रॅकच्या टेपवर मुद्रित झाले: ढोबळमानाने एकावर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. हेतू एवढाच की नंतर दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळून मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येणारी, रेकॉर्ड करता यावी. पुढे त्याच टेपवरून स्टिरिओ काढला तेव्हा वाद्यं एका कानात आणि गाणारे दुसऱ्या कानात गेले. आता लोकलमध्ये एकच इअरबड घालून ऐकणाऱ्याचं काय होतं? 'ट्विस्ट अँड शाउट'मध्ये त्याला गिटार-ड्रम वाजताना ऐकू येतात आणि लेनन कुठेतरी दूर, भिंतीपलीकडे ओरडल्यासारखा वाटतो. मग "जुनी रेकॉर्डिंग वाईटच" असा निष्कर्ष निघतो.

उपाय सोपा आहे. मोनो आवृत्ती मिळाली तर 'प्लीज प्लीज मी'पासून 'व्हाइट अल्बम'पर्यंत तीच ऐका. नाही मिळाली तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, म्हणजे दोन्ही कानांत सगळं येईल. खऱ्या मोनो मिक्सची सर त्याला नाही, पण काम भागतं. 'ॲबी रोड' आणि 'लेट इट बी' मात्र स्टिरिओतच ऐकायचे. तिथे पोहोचलात की सेटिंग बंद करायला विसरू नका.

शफल बंद, ऑटोप्ले बंद, क्रॉसफेडही बंद. क्रॉसफेड चालू राहिला तर ॲप एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत घुसवतं, आणि शेवट ऐकणं हा आपल्या पद्धतीतला महत्त्वाचा भाग आहे.

सावधान: तीन ठिकाणी फाइल बिघडली असं वाटेल, पण ती तशीच आहे. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' हळूहळू विझतं आणि पुन्हा येतं. 'ॲबी रोड'च्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, 'आय वाँट यू', मध्येच कात्रीने कापल्यासारखं थांबतं. त्याच अल्बमच्या अखेरीस 'दी एंड' संपल्यावर काही सेकंद शांतता असते आणि मग एक तुकडाभर गाणं येतं.

## टप्पा ३: यादी ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने लावा

प्रकाशनाचा क्रम आणि ध्वनिमुद्रणाचा क्रम बहुतेक ठिकाणी जुळतो, पण जिथे जुळत नाही तिथे मोठा घोटाळा होतो. 'लेट इट बी' ८ मे १९७० ला निघाला म्हणून लोक तो शेवटचा मानतात आणि "शेवटी बँड थकला होता" असं ठरवून टाकतात. त्यातलं बहुतेक काम जानेवारी १९६९ चं आहे. 'ॲबी रोड' त्यानंतर मुद्रित झाला आणि २६ सप्टेंबर १९६९ ला आधी निघालाही. उलटा क्रम लावलात तर चढ उतारासारखा भासेल.

प्लेलिस्ट अशी करा:

१. 'प्लीज प्लीज मी', मग सिंगल 'शी लव्ह्ज यू'
२. 'विथ द बीटल्स', मग 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' आणि त्याच्या मागचं 'दिस बॉय'
३. 'अ हार्ड डेज नाइट'
४. 'बीटल्स फॉर सेल' आणि सिंगल 'आय फील फाइन'
५. 'हेल्प!'
६. 'रबर सोल' आणि त्याच दिवशी, ३ डिसेंबर १९६५ ला निघालेलं सिंगल: 'डे ट्रिपर' व 'वी कॅन वर्क इट आउट'
७. 'पेपरबॅक रायटर', 'रेन' आणि मग 'रिव्हॉल्व्हर'
८. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स', 'पेनी लेन' आणि मगच 'सार्जंट पेपर'
९. 'मॅजिकल मिस्टरी टूर'
१०. 'लेडी मॅडोना' आणि त्यामागचं 'दी इनर लाइट'
११. 'हे ज्यूड', 'रेव्होल्यूशन' आणि 'द बीटल्स', म्हणजेच 'व्हाइट अल्बम'
१२. 'लेट इट बी'
१३. 'ॲबी रोड'

'मॅजिकल मिस्टरी टूर'च्या आजच्या आवृत्तीत 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' आणि 'पेनी लेन' आहेतच. ती तिथून काढून आठव्या जागी हलवा. ही दोन्ही गाणी 'पेपर'साठी सुरू केली होती आणि मध्येच सिंगल म्हणून काढून घेतली गेली, त्यामुळे ती पेपरनंतर ऐकणं म्हणजे उंबरठा ओलांडून झाल्यावर पायरी शोधणं.

'यलो सबमरीन' या फेरीत वगळला तरी चालेल. त्यातली नवी गाणी चारच आहेत, आणि अर्धा अल्बम जॉर्ज मार्टिनच्या वाद्यवृंदाने भरला आहे.

## टप्पा ४: पहिली फेरी, न थांबता

एका बैठकीत एक अल्बम. सुरुवातीचे अल्बम अर्ध्या तासाचे आहेत, 'व्हाइट अल्बम' दीड तासाचा. तो दोन बैठकांत ऐका. या फेरीत काही लिहायचं नाही, गाणं मागे घ्यायचं नाही, आवडलं-नावडलं ठरवायचंही नाही. मोबाइलवर गाण्याचे बोल उघडून बसू नका. बोलांकडे लक्ष गेलं की कान बाकीचं सोडून देतात, आणि पहिल्या दोन अल्बमांत तर बोलांत फारसं काही नाहीच.

पहिल्या दोन अल्बमांना "लहान मुलांचं" म्हणून पळवून पुढे जाणं ही फार सर्रास होणारी चूक. 'प्लीज प्लीज मी'तली चौदापैकी दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात, लंडनमधल्या ॲबी रोडवरच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत मुद्रित झाली. लेननला सर्दी होती. 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण ते गाऊन झालं की घसा उरणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्या गाण्यातला फाटलेला आवाज नीट कानात साठवा. स्टुडिओ म्हणजे चौघं एका खोलीत वाजवतात आणि टेप ते टिपते, एवढाच त्याचा अर्थ त्या दिवशी होता. पुढचा सगळा बदल याच्या तुलनेत मोजायचा आहे.

तपासा: फेरी संपल्यावर प्रत्येक अल्बमबद्दल एक वाक्य आठवून सांगता येतं का? 'बीटल्स फॉर सेल' आणि 'हेल्प!' यांची सरमिसळ होत असेल तर हरकत नाही, बहुतेकांची होते. 'रबर सोल' आणि 'रिव्हॉल्व्हर' एकसारखे वाटत असतील तर ते दोन पुन्हा ऐका आणि मगच पुढे जा.

## टप्पा ५: दुसरी फेरी, एका वेळी एकच धागा

सगळं एकदम ऐकायला गेलं की काहीच हाती लागत नाही. एक धागा पकडा आणि तो १९६३ पासून १९६९ पर्यंत ओढत न्या. मग दुसरा.

बास. इथून सुरुवात करा, कारण इथला बदल सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो. पहिल्या अल्बममध्ये मॅकार्टनीचा बास मुकाट्याने ठेका धरतो. 'रबर सोल'च्या सुमाराला त्याच्या हातात हॉफनर कंपनीच्या बासऐवजी रिकनबॅकर कंपनीचा बास येतो. 'पेपरबॅक रायटर'मध्ये बास पहिल्यांदाच असा पुढे येतो की तो न ऐकणं अवघड जावं. 'सार्जंट पेपर'च्या वेळी तो बास बऱ्याचदा सगळ्यात शेवटी, वेगळ्या ट्रॅकवर वाजवू लागला. बाकीचं गाणं तयार असताना त्यात मोकळ्या जागा शोधत फिरायचं, असा तो बास आहे. 'ॲबी रोड'वर 'समथिंग' ऐका. गाणं हॅरिसनचं, पण खाली बासने स्वतःची अशी एक चाल बांधली आहे. शेवटी ती गुणगुणून पाहा. जमली तर धागा हाताला लागला.

आवाज. बीटल्समध्ये ढोबळ नियम असा: मुख्य आवाज ज्याचा, गाणं मुख्यतः त्याचं. लेननच्या चाली एक-दोन स्वरांभोवती घुटमळतात, मॅकार्टनीच्या वर-खाली मोठ्या उड्या घेतात. हा नियम काही ठिकाणी मोडतो, पण सुरुवातीला उपयोगी पडतो. 'वी कॅन वर्क इट आउट' यासाठी उत्तम. मुख्य भाग मॅकार्टनीचा, मधला काहीसा उदास भाग लेननचा, आणि त्या मधल्या भागात ताल अचानक तीनच्या हिशेबात जातो. तिथेच लेनन हार्मोनियम वाजवतो. आपल्या कानांना पेटी लगेच ओळखू येईल, पण साथीची पेटी शोधू नका. इथे ती लांब सूर धरून मागे उभी राहते.

ड्रम. रिंगोला 'साधा वादक' म्हणून मोडीत काढणारे भेटतातच. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. 'रेन' लावा, मग 'अ डे इन द लाइफ'मधले ड्रमचे तुकडे ऐका, मग 'कम टुगेदर'. ताल धरण्यापलीकडे ड्रम गाण्याशी बोलू लागतो तो बदल या तीनमध्ये पुरेसा कळतो.

सावधान: एका बैठकीत दोन धागे नको. बास ऐकता ऐकता गिटारकडे घसरलात की गाणं बंद करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

## टप्पा ६: १९६६ वर मुक्काम करा

बाकीची वर्षं चालत जाता येतात, इथे मात्र थांबावं लागतं. 'रिव्हॉल्व्हर'चं काम ६ एप्रिल १९६६ ला सुरू झालं, आणि पहिल्या दिवशी हातात घेतलेलं गाणं होतं 'टुमॉरो नेव्हर नोज'. अल्बममध्ये ते शेवटी येतं. म्हणून अल्बमच्या क्रमाने ऐकणाऱ्याला वाटतं की बँड हळूहळू तिथवर पोहोचला. प्रत्यक्षात त्यांनी सुरुवातच तिथून केली. या टप्प्यापुरतं 'रिव्हॉल्व्हर' शेवटच्या गाण्यापासून सुरू करा.

काय बदललं ते क्रमाने कानावर घ्या.

पहिलं, ड्रम जवळ आला. 'रबर सोल'पर्यंत ध्वनिमुद्रणाचं काम नॉर्मन स्मिथ पाहायचा, 'रिव्हॉल्व्हर'ला जेफ एमरिक आला, वय वर्षं वीस. त्याने मोठ्या ड्रमच्या आत एक लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक ईएमआयच्या नियमाला न जुमानता ड्रमच्या अगदी जवळ आणला. 'रबर सोल'मधलं कुठलंही गाणं आणि 'टुमॉरो नेव्हर नोज' पाठोपाठ लावा. आधीचा ड्रम खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात वाजतो, नंतरचा छातीवर.

दुसरं, आवाज माणसाचा राहिला नाही. पूर्वी गायकाचा आवाज भरदार करायचा तर तेच गाणं दोनदा गायचं आणि एकावर एक ठेवायचं. लेननला त्याचा कंटाळा होता. स्टुडिओतल्या केन टाउनसेंडने टेप यंत्रांच्या जोडणीतून तोच परिणाम आपोआप साधण्याची युक्ती काढली. 'टुमॉरो नेव्हर नोज'च्या पूर्वार्धात हा दुहेरी आवाज आहे. उत्तरार्धात लेननचा आवाज हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला आहे. गाण्याच्या मध्यावर आवाजाचा पोत बदलतो तो क्षण पकडा. दोन-तीनदा ऐकून सापडतो.

तिसरं, टेप हेच वाद्य झालं. त्या गाण्यात सीगल पक्ष्यांसारखं जे ओरडणं ऐकू येतं ते गोल जोडलेल्या टेपच्या तुकड्यांतून आलं आहे. अशा पाच टेप एकाच वेळी वेगवेगळ्या यंत्रांवर फिरवून मिक्स करतानाच गाण्यात सोडल्या होत्या. 'आय ॲम ओन्ली स्लीपिंग'मध्ये गिटार उलटी वाजते. 'रेन'मध्ये साथ जलद वाजवून टेपचा वेग कमी केला, म्हणून सगळं जड आणि ओलं लागतं, आणि शेवटी लेननचा आवाजच उलटा येतो.

आता 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'. लेननला या गाण्याच्या एका मुद्रित प्रयोगाची सुरुवात आवडली होती आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्हींचा वेग वेगळा, सूर वेगळा. जॉर्ज मार्टिन आणि एमरिकने दुसऱ्याचा वेग उतरवून दोन्ही एकत्र जोडले. जोड साधारण पहिल्या मिनिटाच्या शेवटी आहे. तिथून पुढे चेलो आणि ट्रंपेट येतात, आवाज किंचित घट्ट होतो.

तपासा: घड्याळाकडे न बघता तो जोड ओळखता येतो का? येत नसेल तर इअरफोन बदला, गाणं बदलू नका.

याच गाण्यात वरून खाली उतरणारी स्वरांची झुळूक येते ती हॅरिसनच्या स्वरमंडलाची. शास्त्रीय मैफली ऐकणाऱ्यांना ती पहिल्या फेरीतच खटकली असेल. खटकायलाच हवी.

## टप्पा ७: सतारीचा धागा वेगळा काढा

हा भाग मराठी वाचकांसाठी मुद्दाम स्वतंत्र. आपल्याकडे हा धागा ऐकताना दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे अभिमानाने छाती फुगवून "बघा, आपली सतार!" म्हणत थांबणं. दुसरी म्हणजे उस्तादांच्या फुटपट्टीने मोजून "यात राग कुठाय?" म्हणत झटकून टाकणं. दोन्हींत गाणं ऐकायचं राहून जातं.

चारच गाणी घ्या, या क्रमाने. 'नॉर्वेजियन वुड', १९६५: सतार आहे, पण ती गिटारने वाजवली असती तशीच चाल वाजवते. 'लव्ह यू टू', १९६६: सुरुवातीला तालाशिवाय सतारीचा आलापासारखा तुकडा येतो आणि मग तबला. तबलावादक अनिल भागवत. अल्बमच्या वेष्टणावर त्यांचं नाव छापलं आहे. पाश्चात्त्य गाण्याला भारतीय रंग लावणं मागे पडून भारतीय साच्यात गाणं बसवण्याचा प्रयत्न होतो, तो पहिल्यांदा इथे. 'विदिन यू विदाउट यू', १९६७: बँडपैकी एकटा हॅरिसन. मधल्या वाद्यांच्या भागात मात्रा मोजा. तो भाग दहा मात्रांत, झपतालाच्या अंगाने जातो. 'दी इनर लाइट', १९६८: याची साथ जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांनी वाजवली. सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता, ते शेवटच्या दोन गाण्यांच्या आधीचं. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मधली उडी ऐकताना तो प्रवास ध्यानात ठेवा.

हा धागा संपला की एक छुपी परीक्षा: 'सार्जंट पेपर'मधल्या 'गेटिंग बेटर'मध्ये तानपुरा शोधा. वरवर ते पूर्ण इंग्रजी पॉप गाणं आहे. तानपुरा त्यात आहे, आणि सापडला की पुन्हा कधी हरवत नाही.

## टप्पा ८: 'व्हाइट अल्बम' तुकड्यांत ऐका

तीस गाणी, चार बाजू. हा अल्बम सलग ऐकून "पसारा आहे" म्हणणारे चूक नाहीत. पण तो पसारा कुणाकुणाचा आहे हे पाहिलं की ऐकणं सोपं होतं. चार याद्या करा: लेननची गाणी, मॅकार्टनीची, हॅरिसनची, रिंगोचं एक. रिंगो काही दिवस बँड सोडून गेला होता, म्हणून सुरुवातीच्या दोन गाण्यांत ड्रमवर मॅकार्टनी आहे. आता 'टप्पा ५'मधला ड्रमचा धागा घेऊन ती दोन गाणी ऐका. फरक कळतो का?

'डिअर प्रुडन्स' आणि 'ज्यूलिया'मधली बोटांनी छेडलेली गिटार ऋषिकेशची देणगी आहे. १९६८ च्या सुरुवातीला बँड तिथे मुक्कामाला असताना डोनोव्हन या गायकाने लेननला ही पद्धत दाखवली. १९६५ च्या लेननची गिटार आठवा आणि ही ऐका.

इथे एका गैरसमजापासून जपा. 'रिव्हॉल्व्हर'नंतर प्रत्येक अल्बम आधीच्यापेक्षा अधिक गुंतागुंतीचा होत जाईल अशी अपेक्षा धरून लोक इथे येतात आणि 'ब्लॅकबर्ड'मध्ये एकटी गिटार ऐकून गोंधळतात. बदल म्हणजे चढती कमान असं काही नाही. हा बँड १९६८ मध्ये मुद्दाम साधा होऊ पाहत होता.

## टप्पा ९: जोड्या लावा

आतापर्यंत कान तयार झाले असतील. आता लांबची गाणी शेजारी आणा. शफलवरही हेच होत होतं, पण आता मधल्या पायऱ्या तुम्हाला ठाऊक आहेत.

'दिस बॉय' आणि 'बिकॉज'. दोन्हींत लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसनचे तीन सूर एकत्र. पहिलं ऑक्टोबर १९६३ चं, जेव्हा स्टुडिओत चार ट्रॅकची टेप नुकतीच हाताशी आली होती. दुसरं १९६९ चं, आठ ट्रॅकवर. तीन आवाज तीनदा गाऊन एकावर एक रचले आहेत, म्हणजे नऊ. पहिल्यात तीन माणसं एका माइकभोवती उभी दिसतात. दुसऱ्यात माणसं दिसत नाहीत, नुसता आवाजाचा थर आहे. कुठलं चांगलं, हा प्रश्न बाजूला ठेवा.

'रेव्होल्यूशन' हे सिंगल आणि 'व्हाइट अल्बम'वरचं 'रेव्होल्यूशन १'. गाणं तेच. अल्बमवरचं संथ, रेललेलं. सिंगलमध्ये गिटार थेट मिक्सिंग डेस्कला जोडून इतकी जोरात घेतली आहे की स्पीकर फाटल्यासारखा वाटतो. फोनचा आवाज कमी करू नका, तो तसाच आहे.

'लेट इट बी'चं सिंगल आणि अल्बममधलं 'लेट इट बी'. सिंगलवर निर्माता म्हणून जॉर्ज मार्टिन, अल्बमवर फिल स्पेक्टर. गिटारचा मधला तुकडा दोन्हींत वेगळा आहे. बँड आणि निर्माता यांतला फरक ऐकायला यापेक्षा सोपी जोडी नाही.

## टप्पा १०: कच्ची रूपं शेवटीच

१९९५-९६ मध्ये निघालेल्या 'अँथॉलॉजी'च्या तीन संचांत अपुरे प्रयोग, गाण्याची आधीची रूपं आहेत. हौशी माणूस बऱ्याचदा इथूनच सुरू करतो, "आतलं" काहीतरी ऐकायला मिळतंय म्हणून. ते उलटं आहे. पक्कं गाणं अंगवळणी पडल्याशिवाय कच्च्यात काय कमी आहे ते कळत नाही.

इथे नक्की ऐका असं एकच सांगतो: 'वन आफ्टर नाइन-ओ-नाइन'. लेनन-मॅकार्टनीने पोरवयात बांधलेलं गाणं. मार्च १९६३ मध्ये त्यांनी ते स्टुडिओत करून पाहिलं आणि सोडून दिलं. तो प्रयोग 'अँथॉलॉजी १'मध्ये आहे. ३० जानेवारी १९६९ ला लंडनमध्ये सॅव्हिल रोवरच्या गच्चीवर तेच गाणं पुन्हा वाजलं, बिली प्रेस्टन कीबोर्डवर. ते 'लेट इट बी'मध्ये आहे. चाल तीच, माणसं तीच, एक पाहुणा वाढलेला.

दोन्ही पाठोपाठ लावा. वही घ्या आणि पाच गोष्टींत फरक लिहा: बास, ड्रम, आवाज, वेग, आणि चौघं एकमेकांचं किती ऐकत आहेत. पाचव्या ओळीत लिहायला काही सुचलं नाही तर टप्पा ५ वर परत जा, बासपासून.